लेसरनंतरचा मोतीबिंदू : भिंगाचा नंबर ठरवणे अवघड का?

चष्म्याचा नंबर लेसरने घालवण्याची शस्त्रक्रिया भारतात रुळली ती गेल्या शतकाच्या अखेरीस आणि या शतकाच्या पहिल्या दशकात. लग्न ठरण्यापूर्वी, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीपूर्वी किंवा केवळ जाड भिंगांचा कंटाळा आला म्हणून त्या काळी ‘लॅसिक’ करून घेतलेले तरुण आज पन्नाशीकडे झुकले आहेत. काहींनी ती ओलांडलीही आहे. मोतीबिंदूचे वय साधारण येथूनच सुरू होते. त्यातही मोठा मायनस नंबर असलेल्या डोळ्यांत मोतीबिंदू इतरांपेक्षा लवकर येण्याकडे कल असतो. म्हणजे ज्यांनी लेसरचा मार्ग धरला, त्यांच्यापैकी अनेकांना नेत्रशल्यविशारदाच्या दारात पुन्हा एकदा, आणि अपेक्षेपेक्षा थोडे आधीच, उभे राहावे लागते.

मोतीबिंदू काढण्याची क्रिया या रुग्णांतही इतरांसारखीच असते. गढूळ झालेले नैसर्गिक भिंग फोडून शोषून घ्यायचे आणि त्याच्या रिकाम्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवायचे. अडचण शस्त्रक्रियेत नाही, तिच्या आधीच्या गणितात आहे. सगळे निर्दोष पार पडते, भिंग जागच्या जागी बसते, आणि तरीही काही दिवसांनी रुग्णाच्या ध्यानात येते की दूरचे स्पष्ट नाही आणि जवळचे तर मुळीच नाही. कारण बसवलेल्या भिंगाची शक्ती त्या डोळ्याला कमी पडलेली असते.

ही शक्ती ठरवणे हा मुळातच अंदाजाचा व्यवहार आहे, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. डोळ्यात भिंग बसवण्याचा पहिला प्रयोग लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरोल्ड रिडली यांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये केला. युद्धात विमानाच्या छताचे प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळ्याने ते फारशी कुरबूर न करता सामावून घेतले, या निरीक्षणातून त्यांना ही कल्पना सुचली. प्रयोग इतिहासात नोंदवला गेला. पण त्या पहिल्या रुग्णाच्या डोळ्याला नंतर सुमारे मायनस १८ नंबर आणि त्याच्या जोडीला ६ चा सिलिंड्रिकल नंबर निघाला. भिंग नैसर्गिक भिंगाच्या घडणीवरून बेतले होते, परंतु त्याचे द्रव्य प्रकाशाला त्याहून कितीतरी अधिक वळवणारे होते. डोळ्यात भिंग राहू शकते हे रिडली यांनी सिद्ध केले. कोणत्या डोळ्याला किती शक्तीचे, हा प्रश्न सुटायला पुढची कित्येक दशके लागली.

१९८० च्या सुमारास त्यावर एक सुटसुटीत सूत्र आले. सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ या तिघांच्या आद्याक्षरांवरून ते ‘एसआरके’ म्हणून ओळखले जाते. भिंगाच्या जातीनुसार ठरलेला एक स्थिरांक घ्यायचा. त्यातून डोळ्याच्या मिलिमीटरमधल्या लांबीची अडीच पट वजा करायची, आणि मग कॉर्नियाच्या शक्तीची ०.९ पट वजा करायची. स्थिरांक ११८.४, डोळ्याची लांबी २३.५ मिमी आणि कॉर्नियाची शक्ती ४४ डायॉप्टर असेल, तर उत्तर सुमारे २० डायॉप्टर येते. आज हे सूत्र मागे पडले आहे. तरी त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. सगळा डोलारा दोन मापांवर उभा आहे. लांबी १ मिलिमीटरने चुकली तर भिंग अडीच डायॉप्टरने चुकते. कॉर्नियाची शक्ती एकाने चुकली तर भिंगही जवळपास एकाने चुकते.

लांबी आता प्रकाशकिरणांनी मोजणाऱ्या यंत्रांमुळे फारशी चुकत नाही, आणि लेसरने तिला हातही लावलेला नसतो. लेसरने बदललेली असते ती कॉर्निया.

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढच्या बाजूला घड्याळाच्या काचेसारखा असलेला पारदर्शक पडदा. मराठी शास्त्रीय परिभाषेत पारपटल. डोळ्याच्या एकूण शक्तीपैकी सुमारे दोन तृतीयांश शक्ती या अर्ध्या मिलिमीटरच्या पडद्यात असते. त्याला दोन पृष्ठभाग आहेत. पुढचा सुमारे ४९ डायॉप्टरने प्रकाश एकवटतो आणि मागचा सुमारे ६ डायॉप्टरने तो फाकवतो. उरते ती त्रेचाळीसच्या आसपासची निव्वळ शक्ती. गंमत अशी, की ही शक्ती मोजणारा केराटोमीटर मागचा पृष्ठभाग पाहतच नाही. तो पुढच्या पृष्ठभागाची वक्रता मोजतो आणि १.३३७५ हा एक ठरीव निर्देशांक वापरून एकूण शक्ती सांगतो. मिलिमीटरमधल्या त्रिज्येने ३३७.५ ला भागायचे, इतकेच त्याचे गणित. पुढचा पृष्ठभाग असा असेल, तर मागचा अमुक प्रमाणात असणारच, हे त्यात गृहीत धरलेले आहे. निसर्गतः घडलेल्या डोळ्यात पुढच्या आणि मागच्या वक्रतेचे नाते बऱ्यापैकी पक्के असते, म्हणून हे गृहीतक चालून जाते.

लेसरने हे नातेच मोडते. मायनस नंबर घालवण्यासाठी एक्सायमर लेसर कॉर्नियाच्या मध्यभागातील थर अतिशय अचूकपणे खरवडतो आणि पुढचा पृष्ठभाग सपाट करतो. मागचा पृष्ठभाग जसाच्या तसा राहतो. (जिवंत ऊती न भाजता अशा प्रकारे कोरता येते, हे आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८१ मध्ये ज्यांनी दाखवले, त्या तिघा शास्त्रज्ञांत मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन होते.) केराटोमीटरला यातले काहीच ठाऊक नसते. तो जुन्याच नात्याच्या भरवशावर शक्ती सांगतो, आणि ती खऱ्यापेक्षा जास्त निघते.

आकड्यांत पाहू. लेसरपूर्वी कॉर्नियाची शक्ती ४४ होती आणि चष्म्याचा नंबर मायनस ६. चष्म्याच्या जागी असलेला ६ चा नंबर डोळ्याच्या पृष्ठभागावर आणला तर सुमारे ५.६ होतो. तेवढा काढून टाकल्यावर खरी शक्ती ३८.४ उरायला हवी. केराटोमीटर मात्र ३९ च्या घरात आकडा दाखवतो. अर्ध्या डायॉप्टरहून अधिक चूक येथेच पडली. शिवाय हे यंत्र कॉर्नियाचा अगदी मध्य मोजत नाही. मध्याभोवतीच्या सुमारे ३ मिलिमीटर व्यासाच्या कड्यावर मोजते. लेसर झालेल्या डोळ्यात सर्वांत सपाट भाग असतो तो मध्यावर. त्यामुळे आकडा आणखी थोडा फुगतो.

येथवरची चूक मोजमापाची. दुसरी चूक सूत्राची आहे आणि परिणामाने ती बहुधा पहिलीपेक्षा मोठी ठरते. कृत्रिम भिंग डोळ्यात किती खोलवर जाऊन बसेल, हे शस्त्रक्रियेपूर्वी कोणालाच मोजता येत नाही; सूत्राला ते ताडावे लागते. नंतर आलेल्या अनेक सूत्रांनी त्यासाठी कॉर्नियाच्या वक्रतेचाच आधार घेतला. कॉर्निया फुगीर असेल तर भिंग खोल बसेल आणि सपाट असेल तर वर, असा त्यांचा ठोकताळा. लेसर झालेली कॉर्निया पाहून सूत्र म्हणते, हा सपाट कॉर्नियाचा डोळा आहे, भिंग पुढे बसेल. पुढे बसलेल्या भिंगाचा प्रभाव जास्त पडतो, म्हणून सूत्र कमी शक्तीचे भिंग सुचवते. वस्तुतः डोळ्याची आतली रचना तीच आहे. भिंग जेथे बसायचे तेथेच बसते.

दोन्ही चुका एकमेकींना खोडून काढतील तर बरे. पण त्या एकाच दिशेने ढकलतात. भिंग कमी शक्तीचे निवडले जाते आणि डोळ्याला प्लस नंबर येतो. नेहमीच्या पद्धतीने हिशोब केला तर तो एक ते दोन डायॉप्टरचा, आणि लेसरने मोठा नंबर काढलेला असेल तर त्याहूनही जास्त असू शकतो. आयुष्यभर मायनस नंबर वागवलेल्या माणसाला प्लस नंबर म्हणजे काय, हे अनुभवाने ठाऊक नसते. मायनस नंबरवाल्याला चष्मा काढला तरी निदान हातातले पुस्तक दिसते. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात जवळ-दूर जुळवून घेण्याची शक्ती उरलेली नसते. त्या स्थितीत प्लस दीड नंबर राहिला, तर दूरच्या पाटीलाही चष्मा लागतो आणि वाचायला त्याहून जाड. चष्म्यातून सुटण्यासाठीच ज्याने तरुणपणी लेसर केले, त्याच्या वाट्याला हे आले तर त्याचा विरस समजण्यासारखा आहे.

प्लस नंबरसाठी लेसर केलेल्यांत हे सगळे उलटे होते. तेथे कॉर्निया अधिक फुगीर केलेली असते, भिंग गरजेपेक्षा जास्त शक्तीचे निवडले जाते आणि मायनस नंबर उरतो. ‘स्माइल’ पद्धतीत फ्लॅप उचलत नाहीत, पण पुढचा पृष्ठभाग सपाट होतोच. त्यामुळे अडचण लॅसिकचीच. कॉर्नियाला हात न लावता डोळ्यात वेगळे भिंग, म्हणजे आयसीएल, बसवलेल्यांना हा प्रश्न येत नाही. सर्वांत अवघड आहेत ते रेडियल केराटोटॉमीचे डोळे. लेसर येण्यापूर्वी कॉर्नियावर हिऱ्याच्या सुरीने चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देऊन नंबर कमी करत असत. त्यात दोन्ही पृष्ठभाग बदलतात आणि नंबर सकाळी एक, संध्याकाळी एक असाही असू शकतो. योगायोग असा, की ही पद्धत जगभर गाजवणारे मॉस्कोचे स्वियातोस्लाव फ्योदोरोव यांनीच १९६७ मध्ये भिंगाची शक्ती काढण्याचे आरंभीचे एक सैद्धांतिक सूत्र मांडले होते.

मग मार्ग काय? पहिला मार्ग सरळ होता : लेसरपूर्वीची कॉर्नियाची शक्ती घ्यायची आणि लेसरने जितका नंबर घालवला तितकी ती कमी करायची. वर ३८.४ हा आकडा याच रीतीने काढला. याला इतिहासपद्धती म्हणतात आणि दीर्घकाळ ती प्रमाण मानली गेली. कागदावर ती बिनतोड आहे, व्यवहारात नाही. जुन्या नोंदीत एका डायॉप्टरची चूक असेल तर ती पूर्णपणे नव्या गणितात उतरते. दुसरा सापळा अधिक सूक्ष्म आहे. मोतीबिंदू पिकू लागताना भिंगाचा गाभा कठीण होतो आणि डोळ्याला पुन्हा मायनस नंबर चढू लागतो. लेसरनंतरचा नंबर म्हणून हा नंबर हिशोबात धरला, तर लेसरने प्रत्यक्षात घालवला त्याहून कमी नंबर घालवला असे गणित होते आणि सगळेच बिघडते. तेथे हवा असतो तो लेसरनंतर काही महिन्यांनी स्थिरावलेला, मोतीबिंदू सुरू होण्यापूर्वीचा नंबर.

येथे जराशी वाट वाकडी करून एक सांगायला हवे. लेसर होऊन पंधरा-वीस वर्षे झाल्यावर मायनस नंबर परत आला, की अनेकांची समजूत होते, लेसर ‘उतरले’. पन्नाशीच्या आसपास असे झाले, तर आधी मोतीबिंदूची तपासणी व्हायला हवी. दोष भिंगात असताना कॉर्नियावर पुन्हा लेसर करणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे; शिवाय त्याने पुढचे भिंगाचे गणित आणखी गुंतते.

इतिहासपद्धतीनंतर स्पेनचे नेत्रतज्ज्ञ जैमे आरांबेर्री यांनी २००३ मध्ये ‘डबल-के’ ही रीत मांडली. भिंग कोठे बसेल हे ताडायला लेसरपूर्वीची वक्रता वापरायची आणि शक्ती काढायला लेसरनंतरची. दुसरी चूक त्याने निघून गेली. पुढे अशी सूत्रे आली की ज्यांना जुने कागद लागतच नाहीत. जर्मनीतील हायगिस यांचे ‘हायगिस-एल’ आणि अमेरिकेतील शम्मास यांचे सूत्र त्यांतली. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम बॅरेट यांचे ‘ट्रू-के’ जुनी माहिती असली तर ती वापरते, नसली तरी काम भागवते. अमेरिकेतील मोतीबिंदू शल्यविशारदांच्या संघटनेने यांतल्या अनेक सूत्रांचे उत्तर एकाच वेळी देणारा गणक इंटरनेटवर विनामूल्य खुला ठेवला आहे. डॉक्टर डोळ्याची मापे त्यात भरतात आणि एका डोळ्यासाठी सहा-आठ उत्तरे समोर येतात. ती क्वचितच तंतोतंत जुळतात. १९.५ पासून २१ पर्यंत पसरलेल्या उत्तरांतून निवड करण्यासाठी गणितापेक्षा अनुभवी विवेकच लागतो. अशा वेळी पुष्कळ शल्यविशारद मुद्दाम किंचित मायनसच्या बाजूला झुकतात. चुकलेच तर अर्धा-पाऊण मायनस राहावा, ज्यात संगणक, मोबाईल आणि ताटातले अन्न तरी विनाचष्मा दिसते.

यंत्रेही सुधारली आहेत. कॉर्नियाचा मागचा पृष्ठभाग अंदाजाने न धरता प्रत्यक्ष मोजणारी टोमोग्राफीची आणि ओसीटीवर आधारलेली यंत्रे मोठ्या नेत्ररुग्णालयांत दिसतात. शस्त्रक्रिया चालू असतानाच, मोतीबिंदू निघाल्यावर आणि भिंग बसण्यापूर्वी, डोळ्याचा नंबर मोजण्याची सोयही काही ठिकाणी असते. अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या एका प्रकारच्या भिंगाची शक्ती तर शस्त्रक्रियेनंतर अतिनील प्रकाशाने थोडीफार बदलता येते. इतके असूनही लेसर न झालेल्या डोळ्याइतकी खात्री येथे अजून आलेली नाही. अपेक्षित नंबरापासून अर्ध्या डायॉप्टरच्या आत पोहोचण्याचे प्रमाण चांगल्या हातीही साधारण साठ-सत्तर टक्क्यांच्या घरात राहते. नेहमीच्या डोळ्यांत ते याहून बरेच जास्त असते. ही गोष्ट डॉक्टरांनी शस्त्रक्रियेपूर्वी सांगणे आणि रुग्णाने ती ऐकून घेणे, दोन्ही आवश्यक आहे.

रुग्णाच्या हातात जे आहे त्यातले पहिले अगदी साधे आहे : लेसर झाले होते, हे सांगणे. ‘डोळ्याचे आधी काही ऑपरेशन झाले आहे का?’ या प्रश्नाला पुष्कळ जण ‘नाही’ म्हणतात. त्यांच्या लेखी ते ऑपरेशन नव्हतेच, पाच-दहा मिनिटांत ‘नंबर काढला’ होता. फ्लॅपची पुसट कड बारकाईने तपासणाऱ्या डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकते, पण ती दिसेलच याची हमी नाही. शिबिरात दिवसभरात अनेक डोळे मापले जात असताना तर ती निसटण्याची शक्यता अधिक. सपाट कॉर्निया जन्मजातही असते. यंत्र दोहोंत भेद करत नाही. काचबिंदूच्या तपासणीतही हे सांगावे, कारण लेसरने पातळ झालेल्या कॉर्नियामुळे डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो.

दुसरी गोष्ट कागदांची. लेसरपूर्वीचा नंबर, त्या वेळची केराटोमीटरची मापे, लेसरचा प्रकार आणि नंतर स्थिरावलेला नंबर, एवढे मिळाले तरी पुष्कळ. पण ते मिळणार कोठे? लेसर मुंबईत किंवा पुण्यात झाले आणि आता मोतीबिंदू मडगावात किंवा म्हापशात काढायचा असेल, तर मधल्या वीस वर्षांत ते केंद्र जागा बदलून गेलेले, कदाचित बंदही झालेले असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या नोंदी ३ वर्षे जपण्याचे आणि मागितल्यास ७२ तासांत देण्याचे बंधन आहे. लॅसिकला तर कोणी दाखलही होत नाही. तेव्हा वीस वर्षांनी फाईल मिळाली तर ते केंद्राचे सौजन्य म्हणायचे. आज जे तरुण लेसर करून घेत आहेत, त्यांनी आधीच्या मापांचा कागद त्याच दिवशी मागून घ्यावा आणि त्याचे छायाचित्र घरातल्या दोघातिघांच्या फोनमध्ये ठेवावे. ज्यांच्याकडे काहीच उरलेले नाही, त्यांनी कपाटे धुंडाळावीत. लेसरपूर्वीचा जुना चष्मा सापडला, तर कोणताही चष्मेवाला यंत्रावर त्याचा नंबर दोन मिनिटांत सांगतो, आणि मूळ नंबर मायनस होता की प्लस, किती होता, एवढे तरी निश्चित होते.

मापांच्या दिवशी डोळा कोरडा नसावा. लॅसिक झालेल्या डोळ्यांना कोरडेपणाची तक्रार असते आणि अश्रूंचा थर विस्कळीत असला की कॉर्नियाचे माप दरवेळी वेगळे येते. दोन भेटींतली मापे जुळत नसतील, तर आधी थेंबांनी डोळा ताळ्यावर आणून पुन्हा मोजणे हेच शहाणपणाचे. भिंगाच्या प्रकाराबाबतही सावधगिरी हवी. जवळचे आणि दूरचे दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल भिंगे प्रकाश विभागतात. लेसरने कॉर्नियाची घडण आधीच बदललेली असताना त्यांतून दिव्याभोवती वलये आणि फिकटपणा जाणवण्याचा धोका वाढतो, आणि नंबर थोडा जरी चुकला तरी ती निराशा करतात. चष्म्याचा तिटकारा असलेल्या याच रुग्णांना ती सर्वांत मोहात पाडतात, हे त्यातले दुखणे.

नंबर चुकलाच तर उपाय आहेत. थोडा फरक चष्म्याने भागतो. मोठा असेल तर भिंग बदलता येते, त्यावर दुसरे पातळ भिंग बसवता येते किंवा कॉर्निया पुरेशी जाड असल्यास लेसरचा हलका हात फिरवता येतो. भिंग बदलायचे तर ते आतल्या पिशवीला घट्ट चिकटण्यापूर्वी, म्हणजे सुरुवातीच्या काही आठवड्यांत, सोपे जाते. रेडियल केराटोटॉमीच्या डोळ्यांत मात्र घाई करू नये. शस्त्रक्रियेनंतर छेदांच्या जागी सूज येऊन आरंभी प्लस नंबर दिसतो आणि पुढच्या आठवड्यांत तो आपोआप उतरतो.

लेसर बहुधा दोन्ही डोळ्यांना झालेले असते, आणि याचा एक फायदाही आहे. पहिल्या डोळ्यात गणित किती आणि कोणत्या बाजूला चुकले, हे कळले की दुसऱ्या डोळ्याचे भिंग निवडताना त्याचा आधार घेता येतो. त्यासाठी पहिल्या डोळ्याचा नंबर स्थिरावू द्यावा लागतो. लॅसिकच्या डोळ्यात त्याला साधारण महिना लागतो, केराटोटॉमीच्या डोळ्यात दोन-तीन महिनेही. दोन्ही डोळे एकाच आठवड्यात उरकून टाकण्याचा आग्रह धरणाऱ्या कुटुंबीयांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे.